«कानाला सवय होते»: खजुरी बाजारातली एक रात्र आणि पावणेतीन वर्षांची मुलगी

20 सप्टेंबर 2024, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाटनीपुऱ्याहून एक मराठी कुटुंब माझ्याकडे आलं. आई, बाबा, आजोबा, आणि आजीच्या कडेवर दोन वर्षं दहा महिन्यांची मुलगी. मी इंदुरात कानाच्या तपासण्या करते. एवढ्या लहान मुलांना घेऊन येणारे लोक बहुधा «अजून बोलत नाही» म्हणून येतात. ही तक्रार वेगळी होती.

आई म्हणाली, «मॅडम, दोन दिवस झाले, मागून हाक मारली तर बघतच नाही. आणि कुकरची शिट्टी झाली की कान धरून रडते. मग हिला कमी ऐकू येतंय की जास्त?»

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर द्यायच्या आत आजोबा बोलले. «काही नाही हो ताई. झांकीच्या रात्री जरा आवाज झाला. होईल कानाला सवय. आम्हाला नाही झाली?» हे वाक्य त्यांनी इतक्या चढ्या आवाजात म्हटलं की बाहेर बसलेल्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. आजोबा रागावले नव्हते. स्वतःचा आवाज त्यांना तेवढाच ऐकू येत होता.

त्या एका वाक्यासाठी हे प्रकरण लिहून काढते आहे. कुटुंबाची परवानगी आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

ती रात्र

अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला, मंगळवारी होती. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे त्या रात्री कापड गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांच्या नावाने हलत्या पुतळ्यांचे आणि दिव्यांचे देखावे गाड्यांवर उभे राहतात. पुढे आखाडे, मधे ढोल, आणि जेल रोडपासून जवाहर मार्ग, शीतलामाता बाजार, खजुरी बाजार करत राजवाड्यापर्यंत अख्खी रात्र जाते. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, झांक्या चालू राहिल्या. लोक लहान मुलांना मुद्दाम खांद्यावर घेऊन येतात, कारण झांकी ही मुलांनी बघायचीच गोष्ट आहे.

आजोबा हुकुमचंद मिलच्या लूम खात्यात होते. मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली आणि कामगारांची देणी बत्तीस वर्षं अडकून राहिली. 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला, तेव्हा यांच्याही खात्यात काही रक्कम आली. त्यानंतरची ही पहिली अनंत चतुर्दशी. नातीला आपल्या मिलची झांकी दाखवायची हे त्यांनी वर्षभर धरून ठेवलं होतं. हे मी यासाठी सांगते की त्या रात्री मुलीला तिथे नेणं हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. तिच्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसाने तिला नेलं होतं.

कुटुंब खजुरी बाजारात दहाच्या सुमारास उभं राहिलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं. झांक्यांचा स्वतःचा आवाज फारसा नसतो. आवाज असतो मधल्या गाड्यांवरच्या डीजेचा. अशी एक गाडी पुढच्या गर्दीमुळे त्यांच्या समोरच अडकली. आईच्या अंदाजाने अर्धा तास, बाबांच्या अंदाजाने पाऊण. मुलगी बाबांच्या खांद्यावर होती. स्पीकरची भिंत उजव्या हाताला, दहा-बारा फुटांवर. आधी तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. मग «घरी, घरी» करून रडली. शेजारच्या एका काकूंनी कापूस दिला, तो आजीने कानात घातला. निघायचं म्हटलं तर मागे माणसांची भिंत. थोड्या वेळाने मुलगी गप्प झाली, बाबांच्या डोक्यावर मान टाकून झोपली. «बघ, झाली सवय,» असं आजोबा तेव्हाही म्हणाले होते.

पहाटे तीनला घरी पोचले. बुधवारी ती दिवसभर किरकिर करत होती. गुरुवारी आजीने लसूण घालून तेल कोमट केलं आणि दोन-दोन थेंब कानात सोडले. शुक्रवारी माझ्याकडे.

तपासणीत काय दिसलं

उजव्या कानात तेलाचा थर आणि कापसाचा एक तंतू होता. तो काढला. दोन्ही पडदे शाबूत, पडद्यामागे पाणी नाही. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का याची तपासणी, दोन्हीकडे ठीक. म्हणजे सर्दीने कान बसला, ही सोपी शक्यता गेली.

पुढची तपासणी ओएई. आतल्या कानातल्या बाह्य केसपेशी आवाजाला प्रतिसाद देताना स्वतःही अतिशय बारीक आवाज काढतात, तो मायक्रोफोनने टिपायचा. मुलाला काही सांगावं लागत नाही, फक्त शांत बसावं लागतं. डाव्या कानात प्रतिसाद सगळ्या स्वरांवर मिळाला. उजव्या कानात 4000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच, तीक्ष्ण स्वराला क्षीण, 6000 ला मिळालाच नाही.

मग खेळ. आवाज आला की काठीत एक रंगीत कडी घालायची. या वयाची मुलं दहा मिनिटं छान खेळतात, नंतर कड्या फेकतात, तेव्हा आधी महत्त्वाचे स्वर घ्यायचे. डाव्या कानाला 4000 हर्ट्झचा स्वर 15 डेसिबलला कळला. उजव्याला 35 डेसिबलपर्यंत वाढवावा लागला. खालचे स्वर दोन्हीकडे ठीक होते.

आईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बाह्य केसपेशींचं काम बारीक आवाज उचलून मोठा करणं. त्या थकल्या की मागून मारलेली हाक, कुजबूज, शब्दांतले «स», «श», «फ» हे निसटतात. मोठा आवाज मात्र जवळजवळ पूर्वीइतकाच मोठा पोचतो, उलट मधली पायरी नाहीशी झाल्याने अंगावर आल्यासारखा वाटतो. त्यात त्या रात्रीची भीती. म्हणून हाक ऐकू येत नाही आणि शिट्टी सोसवत नाही, हे एकाच कानात एकाच वेळी होऊ शकतं. अशी जोडी दिसली तर थांबू नये. तेल तर घालूच नये. हे आजींना सांगताना मी शब्द जपून वापरले, कारण त्यांनी जे केलं ते त्यांच्या आईनेही केलं असेल.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहिलं. मोठ्या आवाजानंतर ऐकू कमी आलं तर दोन-तीन दिवसांच्या आत दाखवावं, कारण उपचार करायचे असले तर लवकर सुरू करावे लागतात. या मुलीच्या बाबतीत त्यांनी औषध न देता शांतता आणि फेरतपासणी असा निर्णय घेतला. नवरात्र तोंडावर होतं, गरब्याच्या मैदानांपासून लांब राहायचं ठरलं. 8 ऑक्टोबरला उजव्या कानाचा ओएई परत आला होता. 4000 चा स्वर 20 डेसिबलला कळला. जानेवारीत पुन्हा पाहिलं, दोन्ही कान सारखे.

बाबा म्हणाले, «म्हणजे पूर्ण बरी झाली.» मी हो म्हणाले नाही, आणि का नाही ते सांगितलं. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की आवाजाने तात्पुरतं गेलेलं ऐकू पूर्ण परत येतं, तपासणीत सगळं ठीक दिसतं, तरी केसपेशी आणि नसा यांच्यातले सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे गेलेले असतात. माणसाच्या मुलात नेमकं किती जातं, हे आपल्याला कान उघडून बघता येत नाही. माझ्या यंत्रावर ती बरी आहे. पण तीच रात्र पुन्हा नको, एवढं त्या अभ्यासावरून मला ठामपणे सांगता येतं.

आजोबांचा कान

दुसऱ्या भेटीला मी आजोबांना विचारलं, तुमचं बघू का? ते आधी हसले, मग बसले.

त्यांचा आलेख काढायला फार वेळ लागला नाही. धोट्याच्या मागांवर काम केलेल्या माणसाचा आलेख ओळखू येतो. खालचे स्वर बरे, 3000 पासून उतरंड, 4000 ला खड्डा, आणि वयामुळे पुढची बाजूही ढासळलेली. दोन्ही कानांना सारखं, कारण मागांचा आवाज चारी बाजूंनी असतो. धोट्याच्या मागांच्या खात्यात साधारण 95 ते 100 डेसिबल आवाज असायचा. त्यात आठ तास, वीस वर्षं. त्यांनीच सांगितलं की खात्यात बोलणं नव्हतंच, सगळं हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून. «पहिले सहा महिने कान गुणगुणायचे, घरी आल्यावर डोकं दुखायचं. मग सवय झाली.»

कानाला सवय होत नाही. ही गोष्ट मी त्यांना समोर आलेख ठेवून समजावली. थंड पाण्याची सवय होते, तिखटाची होते, कारण तिथे शरीर काहीतरी नवं शिकतं. कानात जन्मतः पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्यांतली गेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आवाज «खुपेनासा» झाला याचा अर्थ तो ऐकणाऱ्या पेशी कमी झाल्या. त्यांना जी सवय वाटली ती सुरुवातीच्या काही वर्षांतली हानी होती. आणि खजुरी बाजारात नात गप्प झाली ती सवयीने नाही, दमून. झोपेत कान बंद होत नाही. ती झोपलेली असताना तिच्या उजव्या कानावर तेवढाच मारा चालू होता, फक्त हात कानांवर नव्हते.

आजोबा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, «आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.» कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना 90 डेसिबल ही मर्यादा आहे, आवाजाने आलेला बहिरेपणा कामामुळे होणाऱ्या रोगांच्या कायदेशीर यादीत आहे. तरी त्यांना खरंच कोणी सांगितलं नसणार.

किती आवाज, किती वेळ

बाबा हिशोबाचे माणूस आहेत, त्यांना आकडे हवे होते. ते इथेही देते, कारण पालकांना «जास्त आवाज» म्हणून काही उपयोग होत नाही.

अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायोशचा, नियम असा: 85 डेसिबलला आठ तास, आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा. 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला पंधरा मिनिटं. हा नियम मोठ्या माणसांच्या कामाचा. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल आणि हेडफोनसाठी जे मानक ठरवलं त्यात मोठ्यांना आठवड्याला 80 डेसिबलला 40 तास, मुलांना 75 डेसिबलला 40 तास धरले आहेत. ते मिरवणुकीसाठी केलेलं नाही, पण मुलांसाठी मोजमाप हवं तर मी तेच घेते. त्या हिशोबाने 100 डेसिबलच्या आवाजात मुलाचा आठवड्याचा वाटा साधारण साडेसात मिनिटांत संपतो. ही मुलगी तिथे कमीत कमी अर्धा तास होती, आणि स्पीकरपासून दहा-बारा फुटांवर आवाज 100 च्या वरच असतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बाबांना वाटलं होतं की खांद्यावर घेतलं म्हणजे गर्दीपासून सुरक्षित. चिरडण्यापासून सुरक्षित, हे खरं. पण डीजेच्या गाडीवर स्पीकरची चळत दहा-बारा फुटांपर्यंत जाते आणि वरचे, तीक्ष्ण स्वर टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात. जमिनीवर उभ्या माणसाच्या पुढे चार-पाच देह असतात, ते काही आवाज अडवतात. खांद्यावरचं मूल थेट झोतात येतं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीचंही तेच. «वर शांत असेल» म्हणून नातेवाइकांच्या गॅलरीत तान्ह्या बाळाला घेऊन उभ्या राहिलेल्या आया मी पाहिल्या आहेत. ती जागा रस्त्याइतकीच वाईट, कधीकधी जास्त.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत भिंतींवर आदळून तो परत येतो, म्हणून तेवढा उतरत नाही. तिथे मागे सरकण्यापेक्षा कोपऱ्यावरून वळून बोळात शिरणं जास्त कामाचं. तीक्ष्ण स्वर कोपरा वळत नाहीत. छातीत धडधडणारे खालचे स्वर वळतात, आणि मूल घाबरतं ते बहुधा त्यांनी.

कायदा आहे. 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. मध्य प्रदेशात 1985 चा कोलाहल नियंत्रण कायदा त्याआधीपासून आहे, आणि 13 डिसेंबर 2023 ला मोहन यादवांनी मुख्यमंत्री म्हणून काढलेला पहिला आदेशच मर्यादेबाहेरच्या ध्वनिवर्धकांबद्दल होता. पण हे सगळे नियम आवाज मोजतात तो जागेच्या हद्दीवर, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून. आत, स्पीकरसमोर, बापाच्या खांद्यावरच्या मुलाच्या कानाशी किती चालेल, हे त्यांत कुठेच नाही. तिथे आईबापच.

मधलं वर्ष

घरच्यांनी ठरवलं होतं की मुलीला सण तोडायचा नाही. मलाही तेच वाटत होतं. गणपती घरी कोंडून घेऊन साजरा करायचा नसतो.

पहिल्यांदा बाबांनी गाणी ऐकायचे रंगीत हेडफोन आणले. ही चूक मी वारंवार पाहते. त्यांची गादी पातळ असते, बाहेरचा आवाज ते फारसा अडवत नाहीत. हवे असतात ते कानावर पूर्ण बसणारे, आत काही न वाजणारे कर्णरक्षक, इअरमफ. मुलांच्या मापाचे ऑनलाइन काही शे रुपयांपासून मिळतात. पाकिटावर 22 किंवा 25 डेसिबल असं लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेतलं. हलत्या-डुलत्या मुलाच्या डोक्यावर मी 15 धरते. 100 चे 85 झाले, तर मघाच्या हिशोबातली साडेसात मिनिटं जवळपास चार तासांवर जातात. कापसाने जेमतेम काही डेसिबल कमी होतात. बोटाने दाबून बसवायचे फोमचे बोळे या वयात नकोत. नीट बसत नाहीत आणि मूल काढून तोंडात घालतं.

मुलीने इअरमफ पहिल्या दिवशी फेकून दिले. आजीने मग त्याचा खेळ केला. मिक्सर लावायच्या आधी आजी म्हणायची, «चला, टोप घाला,» आणि स्वतः कानांवर हात ठेवायची. दोन आठवड्यांत मुलगी मिक्सरचा आवाज येण्याआधीच टोप मागायला लागली. शिट्टीची भीतीही त्यात गेली. हे आजीचं काम, माझं नव्हे. मी फक्त दोन गोष्टी सुधारल्या. कानातल्या बाळ्यांमुळे गादी टेकत नव्हती, त्या काढायच्या. आणि डोक्यावर कानटोपी घालून वरून इअरमफ चढवायचे नाहीत. कापडाची एक घडी गादीखाली आली की फटीतून आवाज आत. केस मागे सारून, कानाची पाळी आत घेऊन, गादी सगळीकडून त्वचेला लागली पाहिजे.

मुलीच्या आईच्या जावेला जुलैमध्ये मुलगा झाला होता. त्याच्यासाठीही छोटे इअरमफ घेऊ का, असं घरच्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन महिन्यांच्या बाळाला तिथे नेऊच नका. त्याला गरम झालं, पट्टी डोक्याला दाबली, तर सांगता येणार नाही. ते ऐकलं त्यांनी.

मार्चमध्ये रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, ते गेले नाहीत. रंगाच्या पाण्यात इअरमफ भिजतात आणि राजवाड्यापाशी बाहेर पडायला वाट नसते.

ऑगस्टमध्ये, गणपती बसायच्या आधी, बाबा आणि मी त्यांच्या भागातल्या मंडळाच्या मुलांना भेटलो. मुलं चांगली होती, त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. आवाज कमी करायला मात्र तयार नव्हती. एकाने खरं कारण सांगितलं: «मॅडम, आमचा कमी केला की मागच्या गाडीचा ऐकू येतो. मग सगळे मागे जातात.» सगळ्या गाड्यांनी एकदम कमी केल्याशिवाय कोणी एक करणार नाही, हे मला तेव्हा कळलं. ते काम एका मंडळाचं नाही. दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या: गाडी गर्दीत अडकून उभी राहिली तर संगीत बंद ठेवायचं. आणि ट्रॉलीवर, स्पीकरच्या पुढ्यात, भागातल्या लहान पोरांना बसवायचं नाही. दुसरी गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली, कारण त्यांतल्या एकाचाच भाऊ सात वर्षांचा होता.

6 सप्टेंबर 2025

त्या वर्षी अनंत चतुर्दशी शनिवारी आली. दुपारी आजोबा नातीला एकटेच घेऊन गेले, झांकी तयार होत होती तिथे. ही कल्पना त्यांची. जुने ओळखीचे लोक होते, आत सोडलं. मुलीने पुतळ्याचा हात हलवणारी मोटर आणि साखळी अगदी जवळून पाहिली. एका कारागिराने तिला बटण दाबू दिलं. घरी येऊन तिने सगळ्यांना हात वर-खाली करून दाखवला. आदल्या वर्षी खांद्यावरून तिला यातलं काही दिसलं नव्हतं.

संध्याकाळी ते जवाहर मार्गाला लागून असलेल्या एका बोळाच्या तोंडाशी, एका ओळखीच्या घराच्या ओटल्यावर थांबले. मी आवाजमापक घेऊन गेले होते. रस्त्याच्या कडेला डीजेची गाडी जाताना 104 दिसलं. ओटल्यावर 90 च्या आसपास. बोळात आणखी आत, वळणापलीकडे, 80. ज्यांच्याकडे मापक नाही त्यांनी एवढं बघावं: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागलं, तर ती जागा लहान मुलाची नाही. फोनवरची अ‍ॅपं अंदाजापुरती. नायोशचं अ‍ॅप बरंच विश्वासाचं आहे, पण ते आयफोनवरच चालतं.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं नाही. मुलगी अर्ध्या तासाने इअरमफ गरम होतात म्हणून काढायला लागली. तिला बोळात आत नेऊन, पाणी पाजून, दहा मिनिटांनी पुन्हा आणलं. अशी दोनदा. मंडळाच्या मुलांनी गाडी अडकल्यावर एकदा संगीत बंद केलं. दुसऱ्यांदा अडकली तेव्हा मागच्या गाडीचा आवाज इतका होता की त्यांनीही चालूच ठेवलं. साडेनऊला आजी म्हणाल्या, पुरे. हुकुमचंदची झांकी अजून आली नव्हती. आजोबा एकटे थांबले, बाकीचे घरी गेले. मागच्या वर्षी निघता आलं नव्हतं. या वेळी आलं ते एकाच गोष्टीमुळे: बाहेर पडायची वाट आधी बघून जागा निवडली होती.

आठवड्याने तपासणी केली. मुलगी आता तीन वर्षं दहा महिन्यांची. कड्या फेकल्या नाहीत, सगळे स्वर दिले. उजव्या कानाला 4000 चा स्वर 15 डेसिबलला, डाव्याला 15 ला. ओएई दोन्हीकडे पूर्ण.

आजोबांनी जूनपासून श्रवणयंत्र लावलं आहे. झांकीच्या रात्री त्यांनी ते काढून खिशात ठेवलं आणि आजीने त्यांनाही इअरमफ घालायला लावले, मोठ्या मापाचे. शिल्लक आहे ते तरी राहू दे, असं त्या म्हणाल्या. मुलीची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे, रंगपंचमी झाली की.